उठावं लागतं

माझ्या नवऱ्याने, आमोदने, जुन्या बाजारातून चाळीस वर्षांपूर्वीचा टर्नटेबल आणला. नवा पट्टा आला, नवी सुई आली, खालचं टेबल सरळ आहे का बघायला गवंड्याकडून लेव्हल मागून आणली. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

परवा त्याचा मित्र ऋषी ऐकायला आला. आत मैनाताई पोळ्या लाटत होत्या, मी चहा ओतत होते, आणि हा सोफ्यावर रेलून सांगत होता, "मोबाइलने आपल्याला आळशी करून ठेवलंय रे. इथे दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. रेकॉर्ड पुसायची, बाजू बदलायची, श्वास रोखून सुई ठेवायची. गाण्यासाठी माणसाने एवढे कष्ट तरी घ्यायला हवेत."

ऋषी भारावूनच गेला. म्हणाला, "मग रविवारी सकाळीच येतो. दिवसभर फक्त ऐकत बसू."

आमोद जरा घुटमळला.



"रविवार सोडून ये. रविवारी मैनाताईंची सुट्टी असते, बाजू कोण बदलणार?"