लाल म्हणजे चालू

अंजनीबाईंच्या खालच्या डाव्या सुळ्याची हिरडी दोन मिलिमीटर तरी खाली उतरली होती. क्षमाने मोबाइलच्या उजेडात पुन्हा पाहिलं. दाताचा मुळाकडचा पिवळसर भाग उघडा पडला होता आणि कडेला रक्ताची बारीक रेघ होती. सकाळचीच.

"आई, दुखतं?"

आई हसली. दुखणं सांगणारे शब्द तिच्यापाशी उरले नव्हते.

"काहून दुखेल?" क्षमाचे बाबा तुळशीराम बाथरूममधून म्हणाले. "दोन वेळा घासून देतो मी. दिवाळीपासून एक दिवस चुकलो नाही."

ब्रश क्षमानेच नागपूरहून पाठवला होता, बॅटरीवरचा. बाबांचा हात कापायचा; हा ब्रश स्वतःच थरथरतो, दाताला नुसता टेकवला की पुरे. त्याआधी दीड वर्ष ती त्यांना म्हणत होती, घमापुरची ज्योती अशा आजाऱ्यांचं सगळं करते, तिला ठेवा. बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "माझे हात मोडले का?"

"कसं घासता, दाखवा बरं."

ते आईसमोर स्टुलावर बसले. "चल वो, आ कर."

आईने लगेच तोंड उघडलं. क्षमाने 'उघड' म्हटलं असतं तर तिने ओठ घट्ट मिटले असते.

ब्रश गुणगुणायला लागला. दांड्यावरचा दिवा हिरवा होता. बाबांनी ब्रश दाबला. आणखी दाबला. त्याचा आवाज बसला, दिवा लाल झाला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड मात्र तिने मिटलं नाही.

"बाबा! एवढा दाबता कशाला?"

"मग लाल कसा होईल?" त्यांनी क्षमाकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. "पस्तीस वर्षं सबस्टेशनात पॅनेलसमोर काढली, बाई. हिरवा म्हणजे बंद, लाल म्हणजे लाइन चालू. याची लाइन जरा ढिली आहे. दाबून धरला की मग बरोबर पकडते. कोणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं."

क्षमाने त्यांच्या हातातून ब्रश घेतला आणि बंद केला. चार्जरचं, डोकं बदलायचं, सगळं तिने फोनवर समजावलं होतं. दिव्याचं राहून गेलं होतं.

"लाल म्हणजे जोर जास्त होतोय, बाबा. हिरड्या सोलवटतील, थांबा, असं सांगतो तो."

"अच्छा," ते म्हणाले.

आई अजून तोंड उघडून बसली होती. त्यांनी टॉवेलच्या टोकाने तिची हनुवटी पुसली आणि दोन बोटांनी हळूच तोंड मिटवलं.

"सहा महिने," ते म्हणाले. "आणि ही रोज आ करून राहिली."

"मी शिकवते ना. नुसता टेकवायचा. जमेल तुम्हाला."

त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. "किती जोर लागून राहिला ते याला समजतच नाही आता."

मग तो हात मांडीखाली दाबून ते म्हणाले, "ज्योतीला फोन लाव. उद्यापासून ये म्हणावं."