जोगेश्वरीचे खवय्ये

अठ्ठावीस दिवस उपाशी राहूनही पवई तलावाच्या जंतूंनी देवेशच्या रसायनाला तोंड लावलं नव्हतं. जंतू खायला लागले की बंद बाटलीतला प्राणवायू संपत जातो. इथे तो जवळजवळ होता तेवढाच होता. शेजारच्या बाटलीत त्याच जंतूंनी सहज पचणाऱ्या सोडियम ॲसिटेटचा फडशा पाडला होता, म्हणजे बिचारे आजारीही नव्हते.

 यंत्रांवरचं तेल धुऊन काढणारं हे रसायन देवेशच्या जोगेश्वरीच्या कारखान्याने काढलं होतं. तीन वर्षं त्याचे प्रयोग चालले होते. पाण्यात गेलं तर ते कुजून नाहीसं होतं, असा दाखला मिळाला तरच ते बाजारात जाणार होतं. आणि ते बाजारात गेलं तरच देवेश सुपरवायझरचा मॅनेजर होणार होता. साहेबांनी तसा शब्द दिला होता, आणि या पठ्ठ्याने त्या शब्दावर व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली होती. मॅनेजर झालं की एसी केबिन. दर शनिवारी उन्हात उभं राहून रसायनाच्या टाक्या धुऊन घ्यायची कटकट मग हाताखालच्या सिद्धेशच्या गळ्यात.

"मॅडम, हे पवईचे जंतू लाडावलेले," तो म्हणाला. "तलावाकाठी राहतात, हवा खातात. आमच्या नाल्यातले घेऊन बघा ना. काय वाट्टेल ते पचवतात."

 लॅबची केमिस्ट विनिता हिने ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला.

"आणा. पाणी कुठलं ते यावर लिहा, खालच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि सही करा."

देवेश स्वतः पँट दुमडून कारखान्यामागच्या नाल्यात उतरला. नाक दाबून त्याने कॅन भरला. फॉर्मवर त्याने ठिकाण लिहिलं, अगदी पिनकोडसकट. खाली प्रश्न होता: हे रसायन याआधी कधी या पाण्यात सोडलं आहे का? 'एक थेंबही नाही,' असं लिहून त्याने खाली दोन रेघा ओढल्या. सहीखाली मॅनेजर लिहायचा मोह मात्र त्याने आवरला.

दहाव्या दिवशी विनिताचा फोन आला. जंतूंनी सत्तर टक्के रसायन संपवलं होतं. देवेशला नाचावंसं वाटलं. तो दोन डझन समोसे घेऊनच लॅबमध्ये शिरला.

"बघा, बोललो होतो ना? पहिल्या दिवसापासून तुटून पडले असतील."

"पहिल्या दिवसापासूनच," विनिता म्हणाली. तिने समोशाला हात लावला नाही. "माझी आई खारदांड्याला मासळी विकते. नवीन मांजर आलं की ते दोन दिवस लांबून बघतं. पहिल्याच दिवशी सरळ टोपलीत तोंड घातलं, की आई म्हणते, याला कुणीतरी सवय लावलीये."

देवेश हसला. मग हसायचा थांबला.

"जंतूंचंही तसंच असतं," ती पुढे म्हणाली. "असलं रसायन पचवायला शिकायचं तर त्यांना महिनोन्‌महिने जातात. ते समोर रोज असावं लागतं. पवईच्यांनी कधी बघितलंच नव्हतं, म्हणून ते उपाशी राहिले. तुमच्यांची तालीम आधीच झालेली आहे." तिने फॉर्म त्याच्यासमोर सरकवला. त्यावर त्याच्याच अक्षरात नाला होता, पिनकोड होता आणि त्या दोन रेघा होत्या.

देवेशने फॉर्म मागे सरकवला. पण रोज? हा तर चक्क खोटा आळ होता, आणि खोटं ऐकून घेणाऱ्यातला तो नव्हता.

"रोज काय मॅडम," तो तावातावाने म्हणाला, "फक्त शनिवारी."