दोन हात खाली

अनुश्रीनं कडुनिंबाच्या बुंध्याला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि काठावरून विहिरीत वाकली. वर पुरुषभर घडीव दगडाचं बांधकाम. त्याखाली सरळ उभा काळा कातळ, तळाला गुडघाभर पाणी. पायऱ्या नव्हत्याच.

"लोकं विहिरीत पाणी पाहत्यात," मागून पार्वतीबाई म्हणाल्या, "तू भिंत पाहून राहिलीस."

कातळ चढणं हेच अनुश्रीचं काम होतं. दुसरं काही ती करत नव्हती, म्हणून राहणं फुकटात भागलं तरच हे जमणार होतं. हिंगोलीतली खोली तिला परवडली नसती. नरसीला ओळखीच्यांनी ओसरी देऊ केली, पण तिथं चढायला देवळाच्या पायऱ्या तेवढ्या. जवळा बाजारात आडतीच्या दुकानावरची खोली स्वस्त होती. तिथं नुसता जिना. काळ्या मातीनं या बाजूचा डोंगर जणू गिळलेला. उभा कातळ सापडतो तो जमिनीच्या पोटात. आणि पार्वतीबाईंचा हा शेतातला आखाडा, पत्र्याच्या दोन खोल्या, विहिरीपासून पन्नास पावलांवर. भाडं नाही. सकाळ-संध्याकाळ म्हशीला पाणी दाखवायचं, एवढंच.

फुकट काहून, ते पार्वतीबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. तीन वर्षांमागं त्यांच्या सुनेनं, शिलानं, याच विहिरीत उडी घेतली. घरचे सगळे आखाड्यावरच होते, पण दगड पडावा तशी गेली. आवाज म्हणून वर आला नाही. तेव्हापासून इथं सालगडी टिकत नाही. मुलगा बालाजी दुसरी करून हिंगोलीला राहायला गेला.

"तुला भ्याव न्हाई वाटत?"

"पडायचं वाटतं, मावशी. मेलेल्या माणसाचं नाही."

"लगन झालं का?"

"नाही."

"मंग बरं हाय. पडलीस तरी कुणाला बोल लागायचा न्हाई."

अनुश्री हसली आणि दोरावरून खाली उतरली.

तळाला गारवा होता. तिनं हाताला खडूची पूड चोळली आणि कातळाला भिडली. पहिला टप्पा निसरडा, शेवाळाचा. मग पांढरी रेघ आली. भर पावसाळ्यात पाणी चढतं ते इथवर. रेघेच्या वरचा दगड कोरडा होता, कधीच पाणी न लागलेला. तिथून एक उभी फट वर गेली होती, हात मावेल एवढी. अशा फटीत हात घालायचा आणि आत मूठ वळायची. मूठ फुगते, अडकते, सगळ्या अंगाचा भार पेलते. हे शिकायला अनुश्रीला दोन वर्षं लागली होती. हाताच्या पाठीची साल कितीदा निघाली, त्याला हिशेब नव्हता.

बांधकामाच्या दोन हात खाली फट संपत होती. शेवटच्या जागी तिनं हात घातला, मूठ वळली, आणि काहीतरी खचकन रुतलं. तिनं दुसऱ्या हातानं उकरून पाहिलं. काच. हिरव्या बांगडीचा तुकडा. त्यामागं आणखी एक. त्यामागं आणखी.

ती दोरावर तशीच लोंबकळत राहिली. इथं कुणीतरी न शिकता मूठ वळली होती. त्याच्या वर हाताला लागेल असं काही नव्हतं, दोन हात गुळगुळीत दगड, मग बांधकामाच्या सांधी आणि वर आभाळाचा गोल. नुसत्या मुठीवर माणूस किती वेळ टिकतं, हे अनुश्रीला ठाऊक होतं.

वर म्हशीनं मान हलवली. गळ्यातली साखळी वाजली ती कानाशी वाजल्यासारखी.

ती काठावर आली तेव्हा रक्त आणि खडू एक झाले होते. तुकडे दाखवायचे की नाही ते ठरलं नव्हतं, म्हणून मूठ मिटलेलीच होती.

"कसा हाय दगड?"

"चांगला आहे."

पार्वतीबाईंनी मुठीकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून हिरवं दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, बाजारचा भाव विचारावा तसं, सरळ आवाजात.

"किती वर आली व्हती?"

अनुश्रीनं बांधकामाच्या खालच्या दगडाकडे बोट केलं. "दोन हात राहिले होते."

पार्वतीबाई काठावर बसल्या. रडल्या नाहीत, पदरही तोंडाला लावला नाही.

"चऱ्हाट व्हतं, तुझ्या दोरावानी," त्या म्हणाल्या. "दाराआड, खुंटीला. दारात बालाजी बसला व्हता, वाट सोडंना."

अनुश्री उठली. विहिरीतला दोर वर ओढून वेटोळं करायला लागली. तिच्याकडे दोर हा एकच. तो जिथं बांधलेला, तिथं तिचं घर. निम्मा दोर वर आला.

"तू राहा, न्हाईतर नको राहू," पार्वतीबाई विहिरीकडं पाहत म्हणाल्या. "दोर तेवढा काढू नको."

अनुश्रीचे हात थांबले. पिशवी कडुनिंबाखाली होती, अजून सोडलेली नव्हती. म्हैस तिच्याकडे बघत होती, पाण्याची वेळ झाली होती.

तिनं वेटोळं उलगडलं आणि दोर परत आत सोडला, सावकाश, हात हात करून. टोक पाण्याला टेकलं. एवढासा आवाज झाला. तो वरपर्यंत आला.