महागाचं यंत्र

गोंडपिपरीजवळच्या राईस मिलमध्ये सोमारीबाई वर्षानुवर्षं कोंड्याच्या धुरळ्यात उभ्या राहत आल्या होत्या. नाकातोंडाला फडकं बांधूनही यंदा त्यांचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबांनी धूळ मोजायचं छोटं यंत्र त्यांच्या कमरेला बांधलं आणि त्याची नळी खांद्याशी पदरात अडकवली.

"यात धूळ जास्त भरली, तर मालकाला ती ओढून घेणारे पंखे बसवावेच लागतील," साहेब म्हणाले. "पण जपा बाई, फार महागाचं यंत्र आहे."

"आता तुमचं खोकनंबी मोजते का वो हे?" शेजारी पोती भरणाऱ्या पायलनं छेडलं.

"मोजू दे ना. पंखे लागले त तूबी वाचशील, पोरी."

सोमारीबाईंनी दिवसभर त्या यंत्राला तान्ह्या लेकरासारखं सांभाळलं आणि संध्याकाळी पुसून परत केलं.

आठवड्यानं साहेब पुन्हा आले. नळीतून धूळ जवळपास गेलीच नव्हती. मिलची हवा चांगली निघाली म्हणून मालकानं पंख्यांचा विषय तिथंच मिटवला.

"बाई, यंत्र अंगावरून काढलं होतं का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"घडीभरबी नाई, साहेब." सोमारीबाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्या म्हणाल्या,



"उलट धुळीनं बिघडू नाई म्हून, माह्या नाकावरचं फडकं सोडून त्या नळीले बांधलं होतं."