एकतीस वेळा

आन्यानं मान वळवून पलीकडे पाहिलं आणि गुरुनाथनं मनातल्या मनात आकडा एकानं पुढे सरकवला. सत्तावीस.

पलीकडे म्हणजे मैदानाच्या त्या कडेला, जिथे तिचा कोच उभा होता. पालकांच्या खुर्च्या या कडेला. आन्या खेळत होती बाबापासून वीस पावलांवर, आणि सत्तावीसपैकी एक नजरही या बाजूला नव्हती.

ओरडायची सोय नव्हती. आज क्लबचा ‘मौन शनिवार’ होता. सीझनमध्ये एकदा पालकांनी तोंड बंद ठेवायचं, आणि ते बंद राहावं म्हणून आत शिरतानाच प्रत्येकाच्या हातात एक लॉलीपॉप ठेवला जायचा. त्यामुळे अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या फुटबॉल मैदानाकाठी आज पंचवीस-तीस मोठी माणसं, त्यात दोन डायरेक्टर आणि एक दातांचा डॉक्टर, निमूटपणे चोखत बसली होती. गुरुनाथच्या वाट्याला हिरव्या सफरचंदाचा आला होता. आंबट.

“अठ्ठावीस,” लॉलीपॉप काढून तो शेजारी बसलेल्या बायकोच्या कानाशी पुटपुटला.

“काय अठ्ठावीस?” सुनेत्रानं विचारलं.

“एनारकडे बघितलं तिनं. इकडून चेंडू येतोय आणि ही कोचचं तोंड बघतेय.”

“मौन आहे ना आज? चोख गप.”

एनार आइसलँडचा. एकेकाळचा मिडफिल्डर, देशाकडून खेळलेला, आता बारा वर्षांच्या मुलींचा कोच. गुरुनाथनं ऑफिसच्या मीटिंगांमध्ये कॅमेरा बंद ठेवून त्याची अख्खी कारकीर्द वाचून काढली होती. तीन देश, पाच क्लब, अकरा सीझन. गोल नऊ.

“नऊ,” त्याला राहवलं नाही. “अकरा वर्षांत नऊ गोल यार. आणि हा माझ्या मुलीला पुढून काढून मधे खेळवतो.”

“मधला माणूस गोल करत नसतो. करवत असतो.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“आन्यानं.”

आन्याला कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. घरात हल्ली सगळं एनारच म्हणायचा. मॅचच्या दिवशी भात कधी खायचा, झोपायचं किती वाजता, बूट कसे पुसायचे. शेजारच्या प्रसादला दहा मिनिटांच्या ओळखीत ‘काका’ करून टाकणारी ही मुलगी पन्नाशीच्या माणसाला सरळ ‘एनार’ म्हणत होती. त्यांच्या देशात म्हणे सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात. एका रविवारी गुरुनाथनं दिवसभरातले ‘एनार सेज’ मोजले होते. चौदा भरले. ‘बाबा सेज’ एकदाही नाही.

म्हणून आज त्याच्या खिशात शेजारच्या कॅरी गावातल्या दुसऱ्या क्लबचा फॉर्म होता, भरलेला. तिथे आन्याला पुढे खेळवणार होते. मॅच संपली की एनारला गाठायचं, थँक यू म्हणायचं आणि विषय संपवायचा. “आधी आन्याला विचार,” असं सुनेत्रा दोनदा म्हणाली होती. त्यानं विचारलं नव्हतं.

शिट्टी वाजली तेव्हा मॅच बरोबरीत होती आणि आकडा एकतिसावर.

गुरुनाथ उठायच्या आतच एनार मैदान ओलांडून, एका पायानं किंचित लंगडत, त्यांच्यापाशी आला. त्याच्या मागून आन्या प्लॅस्टिकचे कोन गोळा करत येत होती.

“गुरुनाथ, सुनेत्रा,” तो म्हणाला, अर्थातच नावानं. “एक विचारायचं होतं. चेंडू पायाशी यायच्या आधी आन्या खांद्यावरून मागे बघून घेते, कोण कुठे आहे ते. आज एकतीस वेळा. मी मोजलं.”

गुरुनाथनं संपत आलेला लॉलीपॉप तोंडातून काढला.

“हे मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवतोय, अंगवळणी पडत नाही. ही येतानाच घेऊन आली. विचारलं तर म्हणते, लहानपणी घरी सायकल शिकताना. आधी मागे बघ, मग वळ.” एनारनं आपल्या गुडघ्यावर थापटलं. “मला नाही असं कुणी शिकवलं. तेहतिसाव्या वर्षी मागून येणारा दिसला नाही आणि सगळं संपलं. खरं सांगतो, या पोरीचा हेवा वाटतो मला. तुमच्यापैकी कुणी शिकवलं?”

पाच उन्हाळे झाले त्याला. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, छोट्या लाल सायकलमागे, ओढणी कमरेला खोचून सुनेत्रा धावायची. आधी मागे बघ, मग वळ. घसा बसेपर्यंत तेवढं एकच. त्या उन्हाळ्यात गुरुनाथ वर दुसऱ्या मजल्यावर ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजच्या कॉलवर असायचा, आणि तिचा आवाज आत येतो म्हणून खिडकी लावून घ्यायचा.

सुनेत्रानं बोलण्यासाठी लॉलीपॉप काढला.

“मी,” गुरुनाथ म्हणाला.

एनारनं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरात हलवला. सुनेत्रानं लॉलीपॉप परत तोंडात ठेवला आणि सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात नेला. गुरुनाथचा दुसरा हात लॉलीपॉपसकट खिशात गेला. फॉर्म त्यानं मुठीत चुरगाळला.

मागे कोन घरंगळल्याचा आवाज झाला. आन्या जागच्या जागी थांबली होती. तिनं मान वळवली, या वेळी थेट बाबाकडे, आणि नजर काढली नाही.

गुरुनाथनं घाईघाईनं लॉलीपॉप तोंडात घातला. नुसती काडीच उरली होती.