त्या सालची कोथिंबीर

"गिटारीवर भाकरी भाजती का रं?" असं म्हणून जानकाबाईनं नातवाला महिनाभर सोलून काढलं होतं. तरी ऐन मे महिन्यात राजरत्नच्या रॉक बँडनं तिच्याच शेतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कार्यक्रम मांडला. लाईट विहिरीच्या मोटारीवरून घेतलेली. ती चारला आली, सहाला जाणार, मग दोन दिवस नाव नाही. मोटार चालू केली असती, तर दाब पडून गिटारी मुक्या झाल्या असत्या.

मोटारीच्या पेटीशी बसलेल्या जानकाबाईला चुलत दीर भागुजी म्हणाला, "वैनी, कोथिंबीर करपली की! मोटार लावा."

"मला शेती शिकवू नका, भावजी."

त्याला बरीच वर्षं लोटली. पुण्याहून गावी आलेला राजरत्न एकदा म्हणाला, "आज्जी, त्या दिवसासारखं परत कधीच वाजलं न्हाई बघ. पण त्या साली आपली कोथिंबीर कशी गं जळाली?"

"ऊन लई व्हतं," जानकाबाई म्हणाली.