एक आडवी रेघ

“तुम्ही स्वतः पाहिलंत का, मास्तर?”

हे विचारताना फौजदार बाईंची मान खाली होती. प्रश्न मास्तरांचाच होता. पोलीस प्रशिक्षण शाळेत बावीस वर्षं त्यांनी अहवाल कसा लिहायचा ते शिकवलं होतं, आणि दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर हाच प्रश्न लिहिला होता. समोरची ही पोरगी तेव्हा तिसऱ्या बाकावर बसायची.

“नाही पाहिलं,” ते म्हणाले. “पण त्यानंच ढकललंय तिला. मला ठाऊक आहे.”

“कशावरून?”

“बाप आहे मी तिचा.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. यातलं एक अक्षरही कागदावर घेता येत नव्हतं, आणि ते मास्तरांइतकं कुणालाच कळत नव्हतं. लेक काल सकाळी सासरच्या जिन्यावरून पडून गेली. पाय घसरला, असं जावई सांगत होता. पाहणारं कुणी नव्हतं. तो बाहेरच्या बाकावर हमसून हमसून रडत होता आणि येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवत होता. संध्याकाळपर्यंत काही हाती लागलं नाही, तर अपघाती मृत्यूची नोंद होणार होती आणि जावई डोळे पुसत घरी जाणार होता.

मास्तरांना विद्यार्थी पाठीमागे ‘लाल पेन्सिल’ म्हणत. कागदावर ‘बहुतेक’, ‘कदाचित’, ‘वाटते’ असलं काही दिसलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दिसलं ते लिहा, वाटलं ते घरी ठेवा. खाडाखोड मात्र चालायची नाही. चुकलेल्या वाक्यावर एकच आडवी रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. खोडलेलंसुद्धा कधीतरी उपयोगी पडतं, असं ते सांगत.

घरीही तेच. लेक लहानपणी “बाई मला रागावल्या” म्हणून रडत आली, तरी हे विचारायचे, “नेमके शब्द काय होते? कुणी ऐकले?” पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटायची.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती माहेरी आली होती. चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, “बाबा, मला त्यांची भीती वाटते.”

“भीती वाटते हा काही जबाब झाला नाही,” मास्तर म्हणाले होते. “तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं. एवढं घेऊन ये, मग बघू.”

ती “बरं बाबा” म्हणाली, चहा संपवला आणि गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मिटलं असेल, असं मास्तरांना वाटलं. वाटलं! जन्मभर दुसऱ्यांचं वाटणं खोडत आलेल्या माणसाला स्वतःचं मात्र बिनबोभाट चालून गेलं.

दार ढकलून हवालदार आत आला. तो पंचनाम्याला गेला होता. पिठाच्या डब्यामागे सापडलेली एक वही त्यानं टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. बाईंनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग उठून दार लावून घेतलं आणि वही मास्तरांकडे वळवली.

एक्केचाळीस नोंदी होत्या. प्रत्येकीला तारीख, वेळ, जागा. ‘उजव्या हाताने डाव्या गालावर दोन वेळा मारले.’ ‘जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे करून म्हणाले, इथून पडलीस तर कुणाला कळणारही नाही.’ साक्षीदार: कोणी नाही. पुढच्या पानावरही तेच, कोणी नाही. कुठे विशेषण नाही, रडगाणं नाही. बावीस वर्षांत मास्तरांच्या एकाही विद्यार्थ्यानं इतकं निर्दोष लिहिलं नव्हतं.

प्रत्येक नोंदीखालचं एक वाक्य मात्र खोडलेलं होतं. लाल पेन्सिलीनं, एकच आडवी रेघ, शेजारी सही. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. ‘मला भीती वाटते.’ ‘मला फार भीती वाटते.’ शेवटची नोंद परवाची. त्यातलं खोडलेलं वाक्य जरा लांब होतं. ‘वाटते, आहे तशी उठून बाबांकडे जावे, पण अजून कुणी पाहिलेले नाही.’

मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं, जणू ती पुसून निघणार होती.

“आता त्याला सोडत नाही मी,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “एवढं पुरे आहे. पण अक्षर ओळखणारं कुणीतरी लागेल, मास्तर. तुमचा जबाब घेऊ?”

बाहेर जावयाला कुणीतरी पाणी देत होतं. मास्तरांनी वही मिटली आणि सरळ बसले.

“घे,” ते म्हणाले. “अक्षर माझ्या मुलीचं आहे. रेघ माझी.”